छत्री मिटा आणि चालू लागा!

वीकएण्ड स्पेशल

जून उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न फिरतो, 'शनिवारी कुठे?' उत्तरही ठरलेलं : सिंहगड, नाहीतर लोणावळा. मग काय, पावसापेक्षा गाड्यांच्या रांगेतच जास्त वेळ जातो आणि भज्यांसाठीही नंबर लावावा लागतो. यंदा घाट चढण्याऐवजी उतरून बघा की! मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि मग थेट श्रीवर्धन.

पुणेकरांना हे गाव तसं परकं नाही. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे इथलेच. पाऊस मात्र अगदी वेगळा. पुण्यात पोचतो तो सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस, वर्षाकाठी ७०-७५ सेंटीमीटर. किनाऱ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट कोसळतो, तोही आडवा! त्यामुळे छत्री घरीच ठेवा.

श्रीवर्धन ते दिवेआगर हा किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे वीसेक किलोमीटरची झक्कास चाल. वाटेत आरावी, शेखाडी, भरडखोल अशी गावं लागतात. काही ठिकाणी समुद्र रस्त्याच्या इतका जवळ की खारे तुषार चेहऱ्यावर येतात. एका बाजूला हिरवागार डोंगर, दुसऱ्या बाजूला मातकट, खवळलेला दर्या. एक टीप : सुरुवात श्रीवर्धनहून करा. मोसमी वारा नैऋत्येचा, म्हणजे उत्तरेकडे चालताना तो पाठीशी राहतो. उलट निघालात तर दिवसभर पाऊस तोंडावर घ्यावा लागेल.

आता जरा सीरियस. पावसाळ्यातला समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग खडकांवरून जातो आणि भरतीत लाटा थेट तिथवर येतात. पावसाळ्यात तो मोह टाळाच. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ पुण्यातलं एक कुटुंब वाहून गेलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पाणी वाढायला काही क्षण पुरतात.

भरतीचा अंदाज बांधायला कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. एवढं कॅलेंडर बघूनही कळतं. तरी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक आणि हवामान खात्याचा इशारा बघायचाच. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर प्लॅन पुढच्या आठवड्यावर!

मुक्काम रिसॉर्टऐवजी एखाद्या घरगुती खोलीत करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, पण वाडीच्या वाडी आडवी झाली. नवं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर कित्येक घरांना पाहुण्यांचाच आधार. पावसाळ्यात पाहुणेही कमी, त्यामुळे तुमच्या एका रात्रीच्या खोलीलाही इथे किंमत आहे. जूनमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. गरम भात, कुळथाचं पिठलं आणि भाजलेला सुका बोंबील मागा. वीस किलोमीटर भिजून आल्यावर याहून भारी काही नाही!

सोबत काय घ्याल?
• चांगली पकड असलेले बूट, जादा मोज्यांचे दोन जोड
• मोबाईल आणि पैशांसाठी प्लॅस्टिकची पिशवी
• भडक रंगाचा रेनकोट, म्हणजे धुक्यात गाडीवाल्यांना तुम्ही दिसाल
• गूळ-शेंगदाणे, पाणी
• चालताना रस्त्याची उजवी बाजू धरा, समोरून येणारी गाडी दिसते
• ताम्हिणी घाट सुरू आहे ना, याची आदल्या रात्री खात्री