एका रेणूच्या जाडीतील अवस्थांतरे

पाण्यावर पसरलेल्या एकाच रेणूच्या जाडीच्या थरालाही वायू, द्रव आणि घन अवस्था असतात. त्यांचा अभ्यास करताना घनफळाऐवजी प्रत्येक रेणूच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ मोजतात, आणि नेहमीच्या दाबाऐवजी पृष्ठदाब, म्हणजे थरामुळे पाण्याच्या पृष्ठताणात झालेली घट. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या घरी, पत्र्याच्या उथळ पात्रात पट्टी सरकवत अशी मोजमापे केली. त्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी या पद्धतीला काटेकोर रूप दिले.

आजचे पात्र टेफ्लॉनचे असते. प्रयोगाचा बराचसा वेळ स्वच्छतेत जातो आणि तो जायलाच हवा, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा सगळे मोजमाप बिघडवू शकतो. अतिशुद्ध पाणी भरल्यावर नुसत्याच पट्ट्या जवळ आणून पाहतात. पृष्ठदाब हलला, तर वरचे पाणी नळीने शोषून घेऊन पुन्हा तपासतात. मग क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेला लिपिड, म्हणजे पाण्यात न विरघळणारा चरबीसारखा पदार्थ, बारीक सिरिंजने थेंबाथेंबाने पृष्ठभागावर सोडतात. क्लोरोफॉर्म उडून जाईपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर पट्ट्या अगदी सावकाश सरकू लागतात आणि पाण्यात अर्धवट बुडालेला गाळणकागदाचा तुकडा पृष्ठताण मोजत राहतो.

डीपीपीसी या लिपिडचा आलेख फार बोलका आहे. रेणू विरळ असताना दाब जवळजवळ शून्य असतो. थर द्रवासारखा झाला की दाब चढू लागतो, आणि मग खोलीच्या तापमानाला एके ठिकाणी आलेख जवळपास आडवा होतो. क्षेत्रफळ घटत राहते, दाब मात्र फारसा वाढत नाही. येथे सैल द्रव आणि दाट अवस्था शेजारी शेजारी नांदतात. हा भाग पूर्ण आडवा का नसतो, यावर अनेक वर्षे वाद चालला. १९८५ मध्ये पॅलास आणि पेथिका यांनी पेंटाडेकॅनोइक आम्लाचा अत्यंत शुद्ध थर घेतला, तेव्हा तो भाग खरोखरच आडवा मिळाला. एवढ्या पातळ थरात अशुद्धीचा लवलेशही अवस्थांतराचे रूप पालटू शकतो.

आलेखातून न कळणारी गोष्ट सूक्ष्मदर्शक दाखवतो. थरात थोडा चमकणारा रंग मिसळला, तर दाट अवस्थेचे भाग रंगाला बाहेर ढकलतात आणि उजळ पार्श्वभूमीवर काळी बेटे दिसतात. साधा तेलाचा थेंब असता तर ही बेटे एकमेकांत मिसळून एक मोठे वर्तुळ झाले असते. येथे ती वेगवेगळी राहतात, कारण सगळ्या रेणूंची विद्युत द्विध्रुवे एकाच दिशेने उभी असल्याने परस्परांना दूर लोटतात. काठाचा ताण बेटाला गोल ठेवू पाहतो, तर हे अपकर्षण त्याला लांबवू पाहते. डीपीपीसी रेणूला उजवे-डावेपण असल्यामुळे बेटे वळणदार होतात. रेणूचे आरशातले रूप वापरले, तर वळणही उलट दिशेला जाते. कोलेस्टेरॉल मिसळले की काठाचा ताण घटतो आणि बेटांच्या बारीक सर्पिल पट्ट्या बनतात. रेणूच्या रचनेतील उजव्या-डाव्याचा फरक मायक्रोमीटरच्या मापात असा उमटतो, हे या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण दृश्य म्हटले पाहिजे.

दुसरे नवल वितळण्याचे आहे. नेहमीचा स्फटिक एकाच टप्प्यात वितळतो. द्विमितीत मात्र मधली अवस्था संभवते, हे कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांच्या १९७३ मधील कल्पनेवर पुढे हाल्पेरिन, नेल्सन आणि यंग यांनी उभारलेल्या सिद्धांतातून दिसले. या ‘हेक्झॅटिक’ अवस्थेत रेणूंच्या जागांची शिस्त थोड्याच अंतरावर मोडते, पण शेजाऱ्यांच्या षटकोनी दिशा दूरवर जुळलेल्या राहतात. स्टिअरिक आम्लाच्या थरावर खोलीच्या तापमानाला सुमारे २५ मिलिन्यूटन प्रति मीटर दाब आला की रेणूंच्या तिरक्या लांब साखळ्या ताठ उभ्या राहतात, आणि त्यानंतरच्या अवस्थेत क्ष-किरणांना अशीच अर्धवट शिस्त आढळते. तेव्हा प्रत्येक रेणूला जेमतेम ०.२ चौरस नॅनोमीटर जागा उरलेली असते.

याहून अधिक दाबल्यास थर कोलमडतो आणि रेणू एकावर एक चढतात. फुप्फुसातील वायुकोशांच्या अस्तरात डीपीपीसी भरपूर असते. श्वास सोडताना ते दाटीने बसून पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणते. फुप्फुसातील लिपिड-प्रथिनांच्या मिश्रणाचा थर कोलमडताना त्याला घड्या पडतात, पण त्या पृष्ठभागाशी जोडलेल्या राहतात. त्यामुळे पुढचा श्वास घेताना त्या उलगडून थर पुन्हा पसरू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे मिश्रण पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून ते श्वासनलिकेतून औषधासारखे दिले जाते.