महागड्या पाइपचे पैसे कशाचे?

वर्षानुवर्षे स्वस्त पाइप ओढणाऱ्याला उंची पाइपमधला फरक पहिल्यांदा जाणवतो तो लाकडात. बहुतेक चांगले पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राकाठच्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या मुळाशी धरणारी ही टणक गाठ उष्णता सोसते, ओलावा शोषते. ती कित्येक तास उकळून महिनोन्‌महिने सुकवतात. फ्रान्समधले सें-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून ब्रायरचे पाइप बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

स्वस्त पाइपमध्ये लाकडातले खड्डे लुकणाने बुजवून वर जाड वार्निश चढवलेले असते. चांगल्या पाइपमध्ये धुराचे छिद्र वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडते. त्यामुळे तंबाखू शेवटपर्यंत नीट जळते. खरेदी करताना हे छिद्र आणि दांडीचा सांधा तपासावा. मात्र पाइप कितीही उत्तम असला, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो.