घोडा शिकवण्याच्या दोन पद्धती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘नॅचरल हॉर्समनशिप’ या नावाने ओळखली जाणारी घोडा शिकवण्याची पद्धत मूळची अमेरिकेच्या पश्चिम भागातली. ओरेगनचे टॉम आणि बिल डॉरन्स हे बंधू आणि टॉमच्या हाताखाली शिकलेले रे हंट हे तिचे आद्य शिक्षक. १९८० च्या दशकात पॅट परेली यांनी हे नाव रूढ केले. मॉन्टी रॉबर्ट्स यांनी १९८९ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्यासमोर विंडसरला प्रात्यक्षिक केले, तर १९९८ च्या ‘द हॉर्स व्हिस्परर’ या चित्रपटामुळे कधी घोडा जवळून न पाहिलेल्यांनाही ही पद्धत ऐकून माहीत झाली. तिच्याविषयीचे बरेच गैरसमजही याच प्रसिद्धीतून पसरले.

जुनी पद्धत म्हणजे चाबूक, आणि मायेने शिकवणे हा नवा शोध, हा त्यांतला सर्वांत मोठा गैरसमज. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले, की रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये. एखाद्या वस्तूला बुजलेल्या घोड्याला मारले, तर वेदना त्या वस्तूनेच दिली असे त्याला वाटते आणि त्याची भीती वाढते, हे निरीक्षणही त्याचेच. फ्रान्सचे अश्वशिक्षक गेरिनिएर यांनी अठराव्या शतकात, घोड्याने ऐकताच हात खाली सोडून लगाम सैल करावा, असा धडा घालून दिला. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आजही त्यांचीच परंपरा चालवते. कॅलिफोर्नियातले गुराखी तर तरुण घोड्याच्या तोंडात आधी लगामाची लोखंडी कांब घालतच नसत. नाकावरच्या दोरीने शिकवून लगामापर्यंत न्यायला ते काही वर्षे घेत.

मग क्रूर पद्धत कुठली? अमेरिकेतल्या मोठ्या कुरणांवर घोडे शेकड्यांनी, स्वस्त आणि कामाची घाई. दोर टाकून घोडा पकडायचा, डोळे बांधून खोगीर कसायचे आणि उड्या मारून थकेपर्यंत त्याच्यावर बसून राहायचे. डॉरन्स बंधूंचा विरोध होता तो या पद्धतीला. सगळ्या जुन्या विद्येला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

नव्या पद्धतीत घोड्यावर दाब आणत नाहीत, हाही गैरसमजच. दोन्हीकडे घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. घोड्याच्या बरगडीला बोट टेकवून ठेवले, तर तो आधी बहुधा उलट रेलतो. मग कंटाळून वजन दुसऱ्या पायावर घेतो. त्याच क्षणी बोट उचलले, की काय केल्याने त्रास थांबला हे त्याला कळते. दोन क्षण उशीर झाला, तर तो भलतेच शिकतो. टाच, लगाम, दोरी, हलवलेला हात यांचे काम याच नियमाने चालते. चांगला आणि वाईट शिक्षक यांतला फरक पद्धतीच्या नावापेक्षा त्या सोडण्याच्या वेळेत असतो.

तिसरा गैरसमज गोल रिंगणातला. सुमारे ५०-६० फूट व्यासाच्या कुंपणात मोकळ्या घोड्याला पळवतात. थोड्या वेळाने तो कान आत वळवतो, जीभ चाटतो, तोंड हलवतो आणि शेवटी माणसामागे चालू लागतो. त्याने माणसाला कळपाचा पुढारी मानले, असा याचा अर्थ लावला जातो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरली, तेव्हा घोडे तिच्याही मागे गेले. गाडीला कोणी पुढारी मानेल, असे म्हणता येत नाही. पळत राहणे त्रासाचे आणि जवळ येणे सुखाचे, एवढे घोडा शिकतो. जीभ चाटणे आणि तोंड हलवणे हे रानात मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांतही ताण ओसरताना दिसते. ती शरणागतीची खूण नव्हे. घाबरलेल्या घोड्याला कुंपणात सतत पळवणे, दोर न लावताही, छळच ठरू शकतो.

तोंडात लोखंड नसले की वेदना नाही, हेही खरे नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर लगामाची कांब बसते. तिथे हाडावर कातडी पातळ, म्हणून झटका दिल्यास फार दुखते. पण नाकाचे हाडही खालच्या टोकाला पातळच असते आणि तिथे आवळलेली दोरीही तितकीच बोचते.

स्वाराच्या शिक्षणात मात्र दोन्ही बाजू एकमेकींना पूरक आहेत. जुन्या शाळा स्वाराच्या खोगिरावरच्या बैठकीपासून सुरुवात करतात, नव्या पद्धतीचे शिक्षक जमिनीवरून घोडा हाताळण्यापासून. जमिनीवरच्या कामाने बैठक येत नाही. नुसती बैठक पक्की असली, तरी बुजलेला घोडा समजून घेता येत नाही.

एका बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही. काटेरी लगाम किंवा खिळे असलेला साज वापरण्यास भारतात भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी मनाई आहे. भाड्याच्या घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे एकदा नक्की पाहावे. तिथे काटे किंवा ओल्या जखमा दिसल्या, तर त्या घोड्यावर बसू नये.