कन्सेशनची खिडकी आणि न आलेली मतपेटी

2005 च्या ऑगस्टमध्ये कल्याणच्या एका महाविद्यालयात मी विद्यार्थी परिषदेची सचिव झाले. कागदोपत्री पद सचिवाचं, पण कॅम्पसवर सगळे जी.एस.च म्हणायचे. हजारो मुलांच्या त्या कॉलेजात मला मत दिलं होतं ते परिषदेतल्या जेमतेम पंधरा-वीस जणांनी. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत वरचे गुण मिळवलेला एक विद्यार्थी, खेळ, सांस्कृतिक, एनएसएस आणि एनसीसी यांतून प्राचार्यांनी नेमलेला प्रत्येकी एक, शिवाय दोन विद्यार्थिनी. एवढ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा, अशी 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याची रीत होती. बैठक झाली, हात वर झाले, दहा मिनिटांत मी जी.एस. झाले. वर्गात परतले तेव्हा बाकावरच्या मैत्रिणीला निवड कधी होती हेही ठाऊक नव्हतं.

आमच्या आधीच्या पिढीचं तसं नव्हतं. ठाण्यात आणि डोंबिवलीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिकलेल्या काका-मामांकडून पॅनेल, पत्रकं, फाटकाबाहेरच्या सभा आणि मतमोजणीच्या गुलालाचे किस्से ऐकत आम्ही मोठे झालो. त्यातच हाणामाऱ्याही होत्या, बाहेरून आलेले पैसे आणि पक्षांची माणसंही होती. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा निवडणुकीच्या धामधुमीत खून झाला आणि सगळं वातावरणच फिरलं. 1994 च्या कायद्याने थेट मतदान संपलं. कोवळ्या मुलाचा जीव गेल्यावर सरकारने हात आखडता घेतला, हे मी समजू शकते. गुंडांना आवर घालायला जमलं नाही म्हणून लाखो विद्यार्थ्यांचा मताचा हक्कच काढून घेतला, हे मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

माझ्या वर्षाची सुरुवात चिखलात झाली. 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्या जगाला माहीत झाला. उल्हास आणि वालधुनी नदीकाठी काय झालं, ते त्या मानाने कमी लोकांना कळलं. शहाड, मोहने, वालधुनी भागातल्या घरांत गळ्याइतकं पाणी होतं. लोकल सुरू होऊन वर्ग भरायला लागले तेव्हा काही बाकं रिकामीच राहिली. परिषद स्थापन झाल्यावर आमची पहिली मोहीम ठरवावी लागलीच नाही. वर्ग प्रतिनिधींनी घरोघर जाऊन यादी केली: कोणाची पुस्तकं गेली, कोणाच्या गुणपत्रिका, कोणाचा जातीचा दाखला. जुनी पुस्तकं जिमखान्यात जमा झाली. टी.वाय.च्या मुलांनी स्वतःच्या नोट्सच्या झेरॉक्स काढून दिल्या. सगळ्यांत किचकट काम गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रतींचं. त्यासाठी बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे अर्ज, पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, कॉलेजचं पत्र, असा एकेका मुलामागे कागदांचा गठ्ठा. भिजून एकमेकींना चिकटलेल्या गुणपत्रिका एका मुलीने वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. सुटी करता येते का बघू म्हणून आम्ही तिघी ग्रंथालयाच्या टेबलावर तासभर पट्टीच्या कडेने एकेक पान सोडवत बसलो. दहावीची वाचली, बारावीची आमच्या हातातच फाटली. तिचा अर्ज मग सगळ्यांत वर ठेवला.

त्यानंतरचं आमचं रोजचं काम म्हणजे रेल्वे कन्सेशन. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही कॉलेजात विद्यार्थी कल्याण म्हटलं की पहिली आठवते ती कार्यालयातली कन्सेशनची खिडकी. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, कळवा, दिवा अशा सगळीकडून मुलं येतात. सवलतीचा पास नसेल तर काही घरांत शिक्षणच थांबतं. तेव्हा अर्ज हाताने भरायचे, क्लार्क काका ओळखपत्र बघून घरचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन लिहायचे, सही-शिक्का व्हायचा आणि तो कागद घेऊन मुलं तिकीट खिडकीच्या दुसऱ्या रांगेत उभी राहायची. बहुतेक जण तिमाही पास काढत, तो स्वस्त पडे. त्यामुळे जून-जुलैत आणि पुढे दर तीन महिन्यांनी रांग थेट जिन्यापर्यंत. ती रांग धरायची तर पहिली दोन लेक्चरं बुडायची आणि महिन्याअखेरीस तीच मुलं हजेरीच्या काळ्या यादीत.

आम्ही एक साधी गोष्ट केली. वर्ग प्रतिनिधीने आदल्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या गोळा करायच्या, नाव, जन्मतारीख, स्टेशन तपासायचं आणि गठ्ठा दुपारी कार्यालयात द्यायचा. सह्या झालेले कागद दुसऱ्या दिवशी वर्गातच मिळायचे. क्लार्क काकांना हे पटायला पंधरवडा लागला. चूक झाली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मग प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ग प्रतिनिधीची सही घ्यायची असं ठरलं आणि रांग निम्म्यावर आली. त्या वर्षातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मला या गठ्ठ्यांचा अभिमान वाटतो.

कार्यक्रम खूप झाले. ट्रॅडिशनल डे, रक्तदान शिबिर, वार्षिक स्नेहसंमेलन. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची तयारी जुलै-ऑगस्टपासूनच सुरू असायची. प्रायोजक मिळवायचे म्हणजे शिवाजी चौकापासून पार डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत क्लासवाले, मोबाइलवाले, साडीवाले यांच्या दुकानांत पत्र घेऊन जायचं. "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की कोण खरंच देणार आणि कोण टोलवतोय, हे सुरावरून कळायला लागलं. एकांकिकेच्या तालमी रात्रीपर्यंत चालत. मुलींना तालमीला पाठवायचं तर घरी परत कोण सोडणार, हा पालकांचा पहिला प्रश्न. आम्ही स्टेशनवार यादी केली. कर्जत मार्गावरच्यांनी एकत्र निघायचं, कसारा मार्गावरच्यांनी एकत्र, आणि घरी पोचल्यावर प्रत्येकीने लँडलाइनवरून एका ठरलेल्या घरी फोन करायचा. ते घर माझंच होतं. रात्री साडेअकराला आई उशाशी फोन घेऊन बसलेली असायची आणि कोणाचा आला, कोणाचा राहिला हे वहीत टिपायची. त्या यादीमुळे दोन मुली नाटकात टिकल्या.

डिसेंबरात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मुरबाड तालुक्यात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला.

आता जे झालं नाही त्याबद्दल. फीच्या पावतीवर जिमखाना, मासिक, विद्यार्थी कल्याण निधी अशी वेगवेगळी शीर्षकं असतात. हा पैसा विद्यार्थ्यांचा, तेव्हा त्याचा जमाखर्च सूचना फलकावर लावावा, असा अर्ज परिषदेने दिला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र दिलं, तर तोंडी सांगण्यात आलं की हा परिषदेचा विषय नाही. माझ्या हातात याच्या पलीकडे काही नव्हतं. ज्या प्राचार्यांनी नेमलं त्यांनाच जाब कसा विचारायचा? उलट बाजूही तितकीच खरी. मी काय केलं आणि काय केलं नाही, याचा हिशेब वर्षभरात एकाही विद्यार्थ्याने माझ्याकडे मागितला नाही. त्यांनी मला बसवलं नव्हतं, म्हणून उठवायचा अधिकारही त्यांना नव्हता. गुणवत्ता यादीवरून कष्टाळू मुलं परिषदेत येतात. पण कष्टाळू असणं वेगळं आणि कोणाच्या वतीने बोलण्याचा हक्क असणं वेगळं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2006 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितलं. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने गुंडगिरीवर नेमके उपाय दिले होते: उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरांवर बंदी, वयाची अट, 75 टक्के हजेरी आणि दहा दिवसांत सगळी प्रक्रिया पूर्ण. वाचताना वाटलं, 1989 नंतर जी भीती होती तिचं उत्तर हेच. तरीही महाराष्ट्रात कायदा बदलायला आणखी दहा वर्षं गेली. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि त्यात अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी या जागांसाठी थेट मतदान परत आलं.

त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल कोलमडले. 31 जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. हजर राहूनही गैरहजर दाखवलेली मुलं कल्याण-डोंबिवलीतून कालिन्याला खेटे घालत होती. बाहेर पुढे शिकायला प्रवेश मिळालेल्यांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. इतकं होऊनही मुलांनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी विद्यापीठाच्या कुठल्या टेबलासमोर बसलेला नव्हता. पक्षांच्या विद्यार्थी संघटना ओरडल्या, त्यांनी ओरडायलाच हवं होतं. पण त्यांचा आवाज पक्षाचा होता.

2019 मध्ये निवडणुकीची तयारी चालू झाली. विधानसभा निवडणुकीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि 2020 च्या मार्चमध्ये कॉलेजंच बंद झाली. त्यानंतर वर्ग भरले, महोत्सव भरले, सिनेटच्या पदवीधर जागांच्या निवडणुकाही झाल्या. कॉलेजातल्या थेट मतदानाचा मुहूर्त, हे लिहीपर्यंत, लागलेला नाही.

नव्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक जागा: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी आळीपाळीने राखलेली. आमच्या परिषदेत सगळे लोकलने किंवा चालत येणारे होते. मुरबाडला रेल्वे नाही. तिथून येणारी मुलं पहाटेची एसटी धरत आणि दुपारी परतीच्या गाडीसाठी शेवटची लेक्चरं सोडून पळत, मग गुणवत्ता यादीत वर येणार कुठून? त्यामुळे एसटीच्या पासचा विषय आमच्या पटलावर वर्षभरात एकदाही आला नाही. तिथली एखादी आदिवासी मुलगी या जागेवर मतं मिळवून आली, तर पहिल्याच बैठकीत ती विचारेल की दुपारचं प्रॅक्टिकल तासभर आधी ठेवता येईल का, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांचा 'स्वयम' योजनेचा हप्ता खात्यात कधी येणार, आणि एसटी चुकली त्या दिवसाची हजेरी कोण लावणार.