परसबागेतील ऑक्टोबरची फेरलागवड : गेलेल्या झाडाच्या जागी काय लावावे?

सोयाबीनची काढणी आणि कपाशीची पहिली वेचणी एकाच वेळी अंगावर येते, तेव्हा वर्धा जिल्ह्यात घरामागच्या सांदवाडीकडे बघायला कुणालाच सवड नसते. पण हिवाळाभर घरात कोणती भाजी शिजणार, हे याच तीन-चार आठवड्यांत ठरते. दोडक्याचा वेल वाळत आलेला असतो, भेंडी पिवळी पडते, वांग्याची दोन-चार झाडे उभ्या उभ्या सुकतात. मग आठवडी बाजारातून रोपे आणून रिकाम्या जागी नांग्या भरल्या जातात आणि पंधरा-वीस दिवसांत नेमक्या त्याच जागेवरची नवी रोपेही माना टाकतात. दोष रोपे विकणाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा तो त्या जागेचा असतो.

म्हणून गेलेले झाड नुसते कापू नका. ते मुळासकट, ओल्या मातीतून हलक्या हाताने उपटा आणि बघा.

उपटलेल्या मुळावर काय दिसते?

मुळांवर लहान-मोठ्या गाठी असतील तर तो सूत्रकृमी समजावा. चवळी किंवा वालाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपयोगी जिवाणूंच्या असतात. त्या बोटाने सहज सुटतात, सूत्रकृमीची गाठ मात्र मुळाचाच फुगलेला भाग असल्यामुळे सुटत नाही. अशा जागी वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडीवर्गीय वेल किंवा गाजर पुन्हा लावू नये. लसूण किंवा कांदा लावावा आणि कडेने झेंडू दाट लावावा. झेंडूची मुळे सूत्रकृमींना आवरतात, मात्र दोन-चार झाडे शोभेला लावून भागत नाही. त्या वाफ्यात झेंडू दोन-तीन महिने तरी उभा हवा. लागवडीपूर्वी चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळावी.

पाने हिरवी असतानाच झाड एक-दोन दिवसांत मलूल झाले असेल, तर खोडाचा बुडाकडचा बोटभर तुकडा तिरका कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत कापलेल्या बाजूने दुधाळ धागा खाली उतरताना दिसला, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. हा रोग कोकणात जास्त आढळतो, तरी आपल्याकडेही सांडपाणी साचणाऱ्या कोपऱ्यात तो असू शकतो. तिथे वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा निदान दोन-तीन वर्षे टाळावेत. मेथी, पालक, मुळा किंवा कोबी चालतील. रोगट झाड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये, जाळावे.

खोडाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर झाडासोबत भोवतालची वीतभर मातीही काढून दूर टाकावी, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जागा आठ-दहा दिवस उन्हात उघडी ठेवावी. नंतर पाच किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून ते मातीत घालावे. त्याच आठवड्यात तिथे ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतू नये, नाहीतर ट्रायकोडर्माही मरतो.

मुळे नुसतीच काळी पडून सडली असतील आणि यापैकी काहीच दिसत नसेल, तर कारण साधे आहे : काळ्या जमिनीत पावसाचे पाणी तुंबले. तेच पीक पुन्हा लावायला हरकत नाही, पण वाफा वीतभर उंच करून. ‘उमेद’च्या गटांनी आखलेल्या गोल परसबागेत मधला भाग उंच आणि वाटा खोल ठेवल्या, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

सगळेच उपटू नका

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत चांगली झाडेही जातात. निरोगी मिरची ठेवावी. वांग्याचे झाड थकलेले पण निरोगी असेल, तर हलकी छाटणी करून शेणखत द्यावे, थंडीत ते पुन्हा फळते. वालाचा वेल तर आता कुठे फुलायला लागतो. हळद सांदवाडीत असेल (समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हे बेणे घरोघरी दिसते), तर पाला वाळेपर्यंत तिला हात लावू नये. शिरा पिवळ्या पडलेली भेंडी आणि पाने चुरडलेला टोमॅटो मात्र ताबडतोब काढावा. हे दोन्ही रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतात आणि सोयाबीन निघाल्यावर ही माशी उरलेल्या हिरव्या झाडांकडे वळते. रोपांच्या गादीवाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणली, तर फवारणीची गरजच कमी होते.

लागवड

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचे ऊन अजून कडक असते. पालक आणि मुळा तेव्हा चालतो. मेथी आणि सांभार थोडे थांबून, रात्री गार वाटू लागल्यावर पेरावेत. सांभाराचे धणे रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवावेत. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावा.

फुलकोबीत फसगत जास्त होते. लवकर येणारी जात उशिरा, थंडीत लावली तर गड्डा लिंबाएवढाच राहतो. उशिराची जात उन्हात लावली तर नुसती पाने वाढतात. रोपे घेताना ‘चांगली जात’ मागू नका, ‘या महिन्यात लावायची जात’ मागा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर त्याच्याकडून पानकोबी घ्यावी, फुलकोबी घेऊ नये.

रोपे सायंकाळी लावावीत. टोमॅटो आणि कोबीचे रोप चार आठवड्यांचे, वांग्याचे पाच आठवड्यांचे असावे. याहून म्हातारे रोप फुकट मिळाले तरी नको. आठ-दहा रोपे कोपऱ्यात जादा ठेवावीत. नांगी लागवडीनंतर आठ-दहा दिवसांच्या आतच भरावी, उशिरा लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत मागेच राहते. काळी माती वाळून भेगाळली की कोवळी मुळे तुटतात, म्हणून भरपूर पाणी एकदाच देण्यापेक्षा थोडे थोडे द्यावे आणि सोयाबीनचे कुटार दोन बोटे जाडीने वर पसरावे. हे कुटार मातीत कालवू नका. कच्चे कुटार कुजताना मातीतले नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. वेलांच्या आधाराला पऱ्हाटीऐवजी तुऱ्हाट्या वापराव्यात, पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते.

लिंबू किंवा संत्र्याचे झाड गेले असेल तर

आर्वी, आष्टी आणि कारंजा भागात घराशीही संत्र्याची एक-दोन झाडे असतात. खोडातून डिंक गळून झाड वाळले असेल, तर त्याच खड्ड्यात नवी कलम लावू नये. कारणीभूत बुरशी मातीतच असते. चार-पाच फूट बाजूला, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर नवा खड्डा घ्यावा. डोळा बांधलेला सांधा जमिनीपासून वीतभर वर राहील असे लावावे आणि पाणी खोडाला टेकणार नाही असे दुहेरी आळे करावे. शेजारच्या झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात) लावून घ्यावे. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल, तर कलम पुढच्या जून-जुलैपर्यंत थांबवलेली बरी.

कारण ओळखता आले नाही, तर दोन मुठी ओली माती, काही बारीक मुळे आणि खोडाचा बुडाकडचा तुकडा पिशवीत घालून सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. पूर्ण वाळलेले झाड नेऊन उपयोग नाही. जे नुकतेच मलूल व्हायला लागले आहे तेच उपटावे आणि शक्यतो त्याच दिवशी न्यावे.