पट्टी फिरवून बघा

आमचं पडघा गाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, भिवंडी तालुक्यातलं. इथे पाऊस बरसायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. म्हणून घर बांधताना भिंतीच्या रंगापेक्षा पडवीचा ढाळ महत्त्वाचा. ढाळ अंगणाकडे हवा. तो घराकडे झाला, तर पाणी थेट उंबरठ्याच्या आत.

काही वर्षांपूर्वी मी पडवीत लाद्या बसवून घेतल्या. मी पडलो कविता लिहिणारा माणूस. थापी कधी हातात धरलेली नाही. पण घरात एक दोन फुटी लेव्हलपट्टी होती. तिलाच पाणसळ म्हणतात. काम संपल्यावर मी ती लादीवर ठेवली, तर बुडबुडा अंगणाकडे सरकला. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो. म्हणजे अंगण उंच आणि दार सखल! मी गवंडीमामांना चार शब्द सुनावले, वर मजुरीचे उरलेले पैसेही अडवून धरले. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, पट्टी फिरवून बघा."

पट्टी फिरवली, आणि बुडबुडा दाराकडे गेला! लादी तीच, जागा तीच. मग खोटं कोण बोलत होतं?

ही पट्टी काम कशी करते ते पाहू. तिच्यातली काचेची नळी किंचित कमानदार असते. आत स्पिरिटसारखा पातळ द्रव असतो. तो थंडीत सहज गोठत नाही आणि बुडबुड्याला चटकन हलू देतो. मेल्शिसेदेक थेव्हनो या फ्रेंच गृहस्थाने १६६१च्या सुमारास ही युक्ती काढली. पण नळी पट्टीत जराशी तिरपी बसली, किंवा पट्टी पडून तिला धक्का बसला, तर सपाट जागेवरही बुडबुडा मध्यावर राहत नाही.

ते ओळखायचं कसं? टेबल किंवा लादी स्वच्छ पुसा. पट्टी ठेवून तिच्या भोवती खडूने रेघ मारा. बुडबुडा स्थिर झाला की तो कुठे आहे ते पाहा. मग पट्टी उचला, तिची डावी-उजवी टोकं बदला आणि पुन्हा त्याच रेघेत ठेवा. पालथी मात्र करू नका. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला, तेवढाच सरकला, तर पट्टी खरी आणि जागा उतरती. बाजू बदलली किंवा अंतर कमीजास्त झालं, तर पट्टीत खोट आहे.

खोट किती, तेही कळतं. त्यासाठी सारख्या जाडीची नाणी घ्या. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पट्टीच्या सखल टोकाखाली एकेक नाणं सरकवा. माझ्या पडवीत पहिल्या वेळी दाराकडच्या टोकाखाली दोन नाणी लागली. पट्टी फिरवल्यावर अंगणाकडच्या टोकाखाली सहा. सहातून दोन गेले चार, त्याचं निम्मं दोन. म्हणजे ढाळ दोन नाण्यांचा, आणि तोही अंगणाकडेच! पट्टीची खोट मात्र चार नाण्यांची.

उभ्या भिंतीसाठी ओळंबा असतोच. लांबच्या दोन जागा एका पातळीत आहेत का, हे पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळीत हवेचा फुगा राहिला नाही, तर दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. भूमापनवालेही यंत्रावर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. मोजपट्ट्या दोन बाजूंना उभ्या करून ते यंत्र मधोमध ठेवतात. म्हणजे यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते.

ही सगळी नाण्यांची खटपट अम्मी दारातून पाहत होती. हिशेब ऐकून ती म्हणाली, "आधी त्या माणसाचे पैसे देऊन ये." मला तेव्हा आठवलं, ही पट्टी माळ्यावरून माझ्याच हातून पडली होती.

संध्याकाळी मी गवंडीमामांच्या घरी गेलो. पैसे दिले, माफी मागितली. त्यांनी पैसे मोजले, चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "भाई, आम्ही नवी पट्टीसुद्धा दुकानातच फिरवून घेतो."

त्या जूनमध्ये पहिल्याच पावसात मी पडवीत उभा राहून पाहिलं. पाणी शहाण्यासारखं अंगणात उतरत होतं.