टळलेल्या युद्धांची उधारी

पहिल्या महायुद्धाची गोष्ट हमखास सारायेव्होतून सुरू होते. २८ जून १९१४, रविवार. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची मोटार चुकीच्या वळणावर शिरते, थांबते आणि एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप दोन गोळ्या झाडतो. पुढच्या सहा आठवड्यांच्या आत युरोपातल्या साऱ्या बड्या सत्ता, एकटा इटली सोडून, युद्धात उतरतात. हे खरंच आहे. पण त्याआधीच्या दहा वर्षांत युरोप निदान पाच वेळा युद्धाच्या तोंडाशी जाऊन माघारी आला होता. पाच वेळा जमलं ते सहाव्या वेळी का जमलं नाही? त्या वर्षांचा माग काढत गेलं की लक्षात येतं, आधीची संकटं ज्या रीतीने टळली, त्या रीतीनेच सहावं संकट अटळ करत आणलं होतं.

पहिला प्रसंग मोरोक्कोचा. ३१ मार्च १९०५ रोजी जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म टँजियर बंदरात उतरला आणि मोरोक्कोच्या स्वातंत्र्याची बाजू घेऊन बोलला. खरा रोख फ्रान्सवर होता. ब्रिटन आणि फ्रान्सने १९०४ साली जुनी भांडणं मिटवली होती. ही दोस्ती कितपत टिकाऊ आहे, ते जर्मनीला चाचपायचं होतं. १९०६ साली स्पेनमधल्या आल्हेसिरास इथे परिषद भरली, तेव्हा जर्मनीच्या पाठीशी ठाम उभं राहिलं ते एकटं ऑस्ट्रिया-हंगेरी. युद्ध टळलं. मात्र त्याच सुमारास ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी अधिकारी गुपचूप एकत्र बसून आराखडे आखू लागले. जी दोस्ती मोडायची होती, तीच घट्ट झाली.

दुसरा प्रसंग बोस्नियाचा. तुर्कांच्या नावावर असलेला पण १८७८पासून ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेला हा प्रांत व्हिएन्नाने ऑक्टोबर १९०८मध्ये सरळ आपल्या साम्राज्याला जोडून टाकला. सर्बिया खवळला आणि त्याने रशियाकडे पाहिलं. पण रशिया जपानकडून नुकताच मार खाऊन बसला होता. मार्च १९०९मध्ये जर्मनीने रशियाला हो की नाही एवढंच विचारलं, आणि रशियाने मुकाट्याने मान तुकवली. पाठोपाठ सर्बियालाही चांगल्या शेजाऱ्यासारखं वागण्याची लेखी हमी द्यावी लागली. बर्लिनमध्ये धडा घेतला गेला की दम भरला की रशिया नमतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये निश्चय झाला की पुन्हा असं नमायचं नाही. एकाच घटनेतून दोन राजधान्यांनी नेमके उलटे अर्थ काढले.

तिसरा प्रसंग पुन्हा मोरोक्कोचा. १ जुलै १९११ रोजी जर्मनीने ‘पँथर’ ही छोटी युद्धनौका मोरोक्कोतल्या अगादीर बंदरात पाठवली. तीन आठवड्यांनी ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी लंडनमधल्या एका भाषणात जर्मनीला जाहीर तंबी दिली. अखेर फ्रेंच काँगोचा एक तुकडा पदरात घेऊन जर्मनीने मोरोक्को सोडला. जर्मनीत ही नाचक्की मानली गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत जर्मनीने फौज वाढवली, फ्रान्सने सक्तीची लष्करी सेवा तीन वर्षांची केली आणि रशियाने १९१७पर्यंत पुरी व्हायची प्रचंड योजना हाती घेतली. जर्मन सरसेनापती मोल्टके याने तर डिसेंबर १९१२मध्येच कैसरला सांगून टाकलं होतं, की युद्ध व्हायचंच असेल तर जितकं लवकर तितकं बरं.

चौथा आणि पाचवा प्रसंग बाल्कनमधले. १९१२-१३च्या युद्धांत तुर्कांना युरोपातून जवळजवळ हुसकावलं गेलं आणि सर्बिया जवळपास दुप्पट झाला. तरीही बड्या सत्तांची आपसांत जुंपली नाही, कारण ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरवून वाटाघाटी चालू ठेवल्या. मुत्सद्देगिरीचं हे खरोखरच यश होतं. पण ऑक्टोबर १९१३मध्ये सर्बियाचं सैन्य अल्बेनियातून हलेना, तेव्हा ऑस्ट्रियाने परिषदेची वाट न पाहता आठ दिवसांची मुदत दिली, आणि सर्बिया निघून गेला. लंडनला वाटलं, परिषदेने काम होतं. व्हिएन्नाला वाटलं, निर्वाणीच्या खलित्याने होतं.

जुलै १९१४मध्ये ही सगळी उधारी एकदम वसुलीला आली. ५ जुलैला कैसरने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे नॉर्वेच्या किनाऱ्यावर जलविहाराला निघून गेला. युवराजाच्या खुनाचा ठपका ठेवून व्हिएन्नाने २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता सर्बियाला खलिता दिला. त्यात दहा मागण्या होत्या आणि मुदत अठ्ठेचाळीस तासांची.

२५ जुलैला बेलग्रेडमध्ये उत्तर तयार होत होतं, ते शेवटपर्यंत बदलत होतं. ऐन वेळी टंकलेखन यंत्र अडलं. खाडाखोड असलेली हस्तलिखित प्रत घेऊन पंतप्रधान निकोला पाशिच सहाच्या ठोक्याला स्वतः ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. जवळपास सगळ्या मागण्या मान्य होत्या. आमच्या भूमीवरच्या खुनाच्या तपासात तुमचे अधिकारी नकोत, एवढंच नाकारलं होतं. ऑस्ट्रियाचा राजदूत बॅरन गीझल प्रवासाच्या पोशाखात तयारच होता. त्याने कागदावरून नजर फिरवली, संबंध तोडल्याचं पत्र धाडलं आणि साडेसहाची गाडी पकडली. सावा नदीवरचा पूल ओलांडला की ऑस्ट्रियाची हद्द. उत्तर काय येतं याला अर्थ उरलाच नव्हता.

यानंतर प्रत्येक राजधानी आपापल्या मागच्या धड्याप्रमाणे वागली. ग्रे यांनी १९१३सारखी परिषद सुचवली, ती बर्लिनने झिडकारली. १९०९सारखा रशिया नमेल, असं बर्लिनने गृहीत धरलं. १९०९सारखं नमायचं नाही, असं रशियाने ठरवलं होतं. रशियासारख्या दोस्ताला वाऱ्यावर सोडलं तर आपण एकटे पडू, ही धास्ती पॅरिसला होती. २८ जुलैच्या सकाळी कैसरने सर्बियाचं उत्तर वाचलं आणि आता युद्धाला कारणच उरलं नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं.

मग सूत्रं रेल्वेच्या वेळापत्रकांकडे गेली. रशियाच्या झारने २९ तारखेला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला, रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. जर्मनीची योजना आधी फ्रान्सला साधारण सहा आठवड्यांत लोळवायचं आणि मग रशियाकडे वळायचं, अशी होती. त्यामुळे रशियाच्या हालचालीचा प्रत्येक दिवस बर्लिनला आपल्या हिशेबातून वजा होताना दिसत होता. १ ऑगस्टला ब्रिटन कदाचित तटस्थ राहील अशी तार आली, तेव्हा कैसरने सगळं सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितलं. मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही. वर्षभर खपून आखलेली योजना मोडली तर सीमेवर फौज न पोचता नुसता जमाव पोचेल. युद्धानंतर जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागाचा माजी प्रमुख जनरल फॉन श्टाब्स याने ते शक्य होतं, असं पुस्तक लिहून दाखवलं. त्या दिवशी मात्र त्याला कोणी विचारलं नव्हतं. ४ ऑगस्टला फ्रान्सच्या वाटेवर जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटन युद्धात उतरलं. गंमत अशी, की ज्याच्या भांडणापायी हे सगळं सुरू झालं, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते ६ ऑगस्टला.

हिंदुस्थानला तर कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनबरोबर तोही युद्धात ओढला गेला. जर्मनीच्या बाजूने उतरलेल्या तुर्कांशी लढायला सहावी ‘पूना डिव्हिजन’ नोव्हेंबर १९१४मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी फाओला उतरायला लागली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा इथे उपासमारीने जेरीस येऊन या डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सुमारे १३,००० जण कैद झाले आणि त्यातले हजारो परतले नाहीत. सर्बियातल्या तपासात कोणाचे अधिकारी असावेत, या वादाची किंमत साताऱ्या-रत्नागिरीकडच्या घरांनीही मोजली.

१९१४चा हा धडा पुढे एकाने तरी लक्षात ठेवला होता. रशियाने क्युबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून ऑक्टोबर १९६२मध्ये पेच उभा राहिला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी त्याच वर्षी निघालेलं बार्बरा टकमन यांचं ऑगस्ट १९१४वरचं पुस्तक वाचलेलं होतं. त्यांनी रशियाला क्षेपणास्त्रं हलवायला लावली, पण त्या बदल्यात तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचा गुप्त शब्द दिला, आणि कोणी विजयाच्या फुशारक्या मारू नयेत अशी आपल्या माणसांना ताकीदही दिली. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांना माघारीची वाट मिळाली. तरी देवाणघेवाण गुप्त राहिल्याने जगाला दिसली ती एकाच बाजूची माघार. दोन वर्षांत ख्रुश्चेव्ह यांची गच्छंती झाली, आणि रशियाने अण्वस्त्रं झपाट्याने वाढवली. म्हणून एखादं युद्ध टळल्याचा आनंद करताना, हरल्याची जाणीव घेऊन कोण घरी गेलं आणि तिथे जाऊन त्याने काय ठरवलं, एवढं तरी विचारायला हवं. १९०९ साली रशियाबद्दल हा प्रश्न बर्लिनने विचारला असता, तर १९१४च्या जुलैत त्याने तोच डाव पुन्हा टाकला नसता.